नंबर नको, खोली बघा: ऑर्थोटिक इनसोल मावेल असा देखणा बूट निवडताना

टाचदुखी, सपाट तळवे, अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाड, मधुमेहाने बधिर झालेली पावलं. कारण कुठलंही असो, मापाचे ऑर्थोटिक इनसोल (पावलाला आधार द्यायला बुटात घालायच्या गाद्या) बनून हातात आले की पहिला धक्का घरीच बसतो. नेहमीच्या बुटात ते घातले की पाय आत शिरत नाही. शिरलाच तर टाच वर डोकावते आणि बोटं वरच्या चामड्याला टेकतात. मग बहुतेक जण इथे नाशिकच्या मेन रोडला जाऊन तोच बूट एक नंबर मोठा घेऊन येतात, आणि पैसे तिथेच वाया जातात.

इनसोल पावलाला वर उचलतो, लांब करत नाही. नंबर वाढवला की वाढते ती मुख्यतः लांबी. आपल्याकडच्या यूके मापात एका नंबरामागे साधारण ८.५ मिलिमीटर, अर्ध्या नंबरामागे सव्वाचार. आतली उंची त्या मानाने वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. उलट ढगळ बुटात त्याची वाकायची जागा तुमच्या चवड्याच्या पुढे सरकते, टाच उचलली जाते, इनसोल आतल्या आत पुढे-मागे फिरतो आणि त्याचा उंचवटा कमानीखाली राहायचा सोडून भलतीकडे टोचतो. जिना चढताना बुटाचं टोक पायरीला अडकतं ते वेगळंच.

म्हणजे शोधायची असते ती खोली, बुटाच्या आतली उंची. आणि खोली असलेले बूट बेढबच असतात असं अजिबात नाही. कुठल्या घाटात ती मुळातच जास्त असते, एवढं कळलं की निवड सोपी होते.

दुकानात जाण्याआधी घरी

इनसोल टेबलावर ठेवा आणि जाडी तीन ठिकाणी मोजा: टाचेच्या मध्यभागी, कमानीच्या सगळ्यात उंच भागाशी आणि पुढे बोटांखाली. टाचेची वाटी असेल तर तिच्या काठाची उंची नाही, तळाची जाडी धरायची. साधी पट्टी चालते, पण घरात कुणी सातपूर-अंबडला कंपनीत असेल तर व्हर्निअर (जाडी मोजायचं उपकरण) मागून घ्या, काम दोन मिनिटांत होतं.

पातळ प्लास्टिकच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) इनसोलचा कवचाचा भाग ३-४ मिलिमीटरचा असतो, वर कापडाचं किंवा फोमचं अस्तर. ईव्हीए फोमचे इनसोल टाचेखाली सहज ८ ते १० मिलिमीटर भरतात. आता हिशोब करा. बुटातला मूळ सुकतळा (कंपनीने आत घातलेली पातळ गादी) बहुधा ३ ते ५ मिलिमीटरचा असतो. तो काढून तुमचा इनसोल घातला तर नक्की किती जास्तीची जागा लागेल? फरक ३-४ मिलिमीटरपर्यंत असेल तर लेसचे बरेच बूट तो सामावून घेतात. ६-७ च्या वर गेला तर ‘एक्स्ट्रा डेप्थ’ म्हणून विकले जाणारे बूटच बघावे लागतात. त्यांत नेहमीपेक्षा पाव ते अर्धा इंच जादा उंची दिलेली असते.

इनसोलची लांबीही महत्त्वाची. पूर्ण लांबीचा इनसोल बोटांखालचीही जागा खातो. पाऊण लांबीचा चवड्याच्या मागे संपतो, बोटांना मोकळीक ठेवतो आणि म्हणून ऑफिसच्या किंवा समारंभाच्या बुटात तो जास्त चालतो. इनसोल अजून बनायचे असतील तर आत्ताच ठरवा की ते मुख्यतः कुठल्या बुटात वापरायचे आहेत, आणि तो बूट माप द्यायला जाताना सोबत न्या. रोज फॉर्मल घालणाऱ्या माणसाला खेळाच्या बुटाच्या जाडीचे इनसोल बनवून दिले तर दोष बुटाचा नसतो. बनवून देणारी व्यक्ती प्रोस्थेटिक-ऑर्थोटिक तज्ज्ञ असेल तर तिची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते; ती विचारायला लाजू नका.

शेवटी पावलाचा आकार. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर, जाड कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्याकडून पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढून घ्या. लांबी आणि चवड्याची सर्वात जास्त रुंदी लिहून ठेवा. दोन पावलं सहसा सारखी नसतात. माप मोठ्या पावलाचं घ्यायचं. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर इनसोलचाही आकार काढून कापून ठेवा. पुढे उपयोगी पडतो.

आपले पाय रुंद असतात ही नुसती समजूत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली तेव्हा पाश्चात्त्य मापांच्या तुलनेत आपली पावलं रुंद असल्याचंच दिसलं, आणि त्यातून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. ती रूढ होईपर्यंत दुकानात यूके नंबरच चालतो. त्यात रुंदीची अक्षरं शोधा. अमेरिकी पद्धतीच्या ब्रँडमध्ये पुरुषांची साधी रुंदी डी, रुंद २ई, त्याहून रुंद ४ई; बायकांची साधी बी आणि रुंद डी. क्लार्क्सची पद्धत वेगळी: पुरुषांत जी साधी आणि एच रुंद, बायकांत डी साधी आणि ई रुंद. म्हणजे एका डब्यावरचं डी रुंद, दुसऱ्यावरचं साधं. अक्षर वाचताना कंपनी कोणती तेही बघावं लागतं.

दुकानात

इनसोल, रोज घालता ते मोजे आणि मापाचा कागद पिशवीत. वेळ संध्याकाळची, कारण पाय तेव्हा सुजलेले असतात. पण रविवारी संध्याकाळी मेन रोड किंवा शालिमारला दुकानदाराला तुमच्याकडे बघायला फुरसत नसते आणि बसायला स्टूलही मिळत नाही. आठवड्यातला मधला दिवस, पाच-साडेपाचची वेळ बरी. मेन रोडच्या दुकानांत चामड्याचे फॉर्मल आणि घासाघीस, कॉलेज रोड-गंगापूर रोडला ब्रँडची शोरूम्स, सिटी सेंटर मॉलमध्ये एका छताखाली बरेच पर्याय. पहिली फेरी मॉलमध्ये मारून घाट आणि नंबर पक्का करावा, खरेदी मग कुठेही.

पहिला प्रश्न किमतीचा नाही. पहिला प्रश्न: “भाऊ, ह्याचा सुकतळा निघतो का?” नुसतं ‘हो’ ऐकून समाधान मानू नका, स्वतः टाचेकडून बोटाने उचलून बघा. सुकतळा सुटा असेल तर उत्तम. टाचेशी गोंदाचा एक ठिपका असेल तरी चालेल. पूर्ण चिकटवलेला किंवा शिवलेला असेल तर तो बूट बाजूला ठेवा. त्याचा विचार पुढे दुरुस्तीत करू.

निघाला की आत हात घाला. खाली सपाट पुठ्ठा किंवा शिवलेलं कापड लागलं पाहिजे. काही बुटांत सुकतळ्याखाली मधमाशीच्या पोळ्यासारखे खळगे असतात, काहींत टाचेशी जेलची चकती, काहींत तळच वाटीसारखा कोरलेला. अशा तळावर कडक इनसोल डुगडुगतो आणि काही महिन्यांत तडकूही शकतो. मग काढलेल्या सुकतळ्यावर तुमचा इनसोल ठेवा. टाचेची रुंदी दोघांची जुळते का बघा. इनसोल रुंद असेल तर तो बुटाच्या भिंतीवर चढून वर राहील. तिथे जोर लावून बसवणं म्हणजे कमानीचा कोन बदलणं.

आता बूट हातात घेऊन चार परीक्षा. टाचेमागची भिंत (काउंटर) दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबा. ती लगेच आत बसली तर इनसोल टाच सरळ धरेल, पण बूटच कलंडेल. बूट पुढून-मागून धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध कमानीत नाही. मग ओलं फडकं पिळतो तसा पिळा. थोडा विरोध जाणवायला हवा. शेवटची परीक्षा कोणी करत नाही आणि तीच फार कामाची: दोन्ही बूट काचेच्या काउंटरवर ठेवून मागून डोळ्याच्या रेषेत बघा. टाच सरळ उभी आहे का? नव्याकोऱ्या बुटातही सोल तिरका चिकटलेला सापडतो. दोन-तीन अंशांची दुरुस्ती करणारा इनसोल तिरक्या बुटात घातला की सगळं गणित बिघडतं.

पायात घालताना लेस पूर्ण सैल करा, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे टेकवा, आणि मगच बांधा. उभं राहून बघायचं:

- सर्वात लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) १० ते १२ मिलिमीटर मोकळे.
- बोटं वर उचलली तर वरच्या चामड्याला हलका स्पर्श चालेल, दाब नको. नखाची खूण वरून दिसली तर खोली अपुरी.
- बांधल्यावर लेसच्या दोन भोकांच्या रांगांत १० ते १५ मिलिमीटर अंतर. रांगा एकमेकींना टेकल्या तर बूट ढगळ. अडीच सेंटिमीटरच्या वर फाकल्या तर उथळ.
- चालताना टाच ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलली जाऊ नये. नवा सोल कडक असतो म्हणून एवढं चालतं, त्याहून जास्त ‘वापरून बसेल’ हे विक्रेत्याचं आश्वासन.

गालिच्यावर चालून उपयोग नाही, फरशीवर चाला. दुकानाच्या पायऱ्या उतरा. उतरताना बोटं पुढे आदळली तर लेस, उंची किंवा घाट, यातलं काहीतरी चुकलंय. दहा मिनिटं पायात ठेवा. एवढा वेळ विक्रेत्याला कंटाळा येतो, येऊ द्या.

कुठल्या घाटात शोभा आणि खोली दोन्ही

फॉर्मलमध्ये पहिली पसंती डर्बीला. डर्बीत लेसच्या दोन पट्ट्या वरून शिवलेल्या असतात, त्यामुळे तोंड पूर्ण उघडतं आणि पावलाच्या उंचीनुसार कमी-जास्त होतं. ऑक्सफर्डमध्ये त्याच पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असल्याने बूट इंग्रजी व्ही अक्षरासारखा बंद होतो. दिसतो रुबाबदार, पण इनसोल घातला की तो व्ही फाकतो आणि पावलाच्या वरच्या हाडावर वळ उठतो. लांबून बघणाऱ्याला डर्बी आणि ऑक्सफर्डमधला फरक कळत नाही, हे लक्षात ठेवलं की मोह आवरतो.

लेस नको असेल तर दोन बकलांचा मंक स्ट्रॅप. तो एकाच बकलाच्या मंकपेक्षा चांगला, कारण खालचा पट्टा सैल आणि वरचा घट्ट ठेवता येतो. घोट्यापर्यंतचा चक्का बूट किंवा बाजूला चेन असलेला अँकल बूट इनसोलसाठी जवळपास आदर्श: टाच कितीही वर उचलली गेली तरी बाहेर निसटायला जागाच नाही. चेल्सी बुटात इलास्टिक असतं, त्यामुळे पाय आत घालताना अडतो. थोडा रुंद गळा असलेलाच घ्या.

रोजच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यात कमी कटकटीचा, पांढरा किंवा तपकिरी चामड्याचा कपसोल स्नीकर. कपसोल म्हणजे रबराचा सोल कपासारखा असतो आणि त्याची भिंत वर चढून चामड्याला बाहेरून शिवलेली असते. पाऊल त्या भिंतीच्या आत खाली बसतं. सुकतळा काढला की आत बरीच जागा मिळते, आणि बाहेरून बूट जाड दिसत नाही, कारण ती भिंत दिसणारच असते. जीन्सवर, चिनोवर, नेहरू शर्टावरही तो शोभतो.

लोफरबद्दल स्पष्टच बोललेलं बरं. लोफर टिकतो तो पावलाच्या वरच्या पट्टीच्या पकडीवर. इनसोलने टाच ५ मिलिमीटर उचलली की मागची भिंत तेवढीच तोकडी होते आणि बूट पायातून निघतो. ज्यांना हवाच आहे त्यांनी पाऊण लांबीचा पातळ इनसोल आणि पट्टी उंच चढणारा, जीभ लांब असलेला लोफर शोधावा. मोजडी आणि जुती यांत तर विचारही करू नका. शेरवानीवर घालायचीच असेल तर फोटोपुरती घाला आणि वरातीत डर्बी.

बायकांसाठी बाजार जास्त छळतो. बंद बुटांना खोली नाही आणि सँडलना मागे पकड नाही. तरी वाट आहे. मेरी जेन घाटाचा, पावलावरून एक किंवा दोन पट्टे जाणारा बूट बघा. पट्ट्याला बकल हवं, नुसतं इलास्टिक नको, कारण इलास्टिक इनसोलच्या उंचीने ताणलेलंच राहतं. टोक बदामी घ्या, टोकदार नको. टोकदारच हवं असेल तर निमुळता भाग बोटं संपल्यावर सुरू होतो का ते आत बोट घालून तपासा. टाचेची उंची अडीच सेंटिमीटरपर्यंत उत्तम, साडेतीनपर्यंत ब्लॉक हील किंवा वेज चालवून घेता येते. त्याहून उंच टाचेवर पाऊल पुढे घसरतं, सगळा भार चवड्यावर येतो आणि सपाट तळावर बेतलेलं इनसोलचं कवच उतारावर टेकतच नाही, कमानीखाली पोकळी राहते. सणासमारंभाला येवल्याची पैठणी नेसल्यावर काठाखालून बुटाचं टोकच तेवढं दिसतं. तेव्हा शोभा टोकावर खर्च करा: जरीच्या रंगाचं, पिवळसर सोनेरी किंवा वाइन रंगाचं चामडं, आणि बाकी बूट सोयीचा. सलवार-कुर्त्यावर मागे पट्टा असलेले आणि सुकतळा निघणारे सँडल मिळतात. त्यांत इनसोलच्या कडा दिसू नयेत म्हणून वरचं अस्तर सँडलच्या रंगाचं बसवून घ्या.

कोल्हापुरीत सुटा इनसोल राहतच नाही. सँडल मापाने बनवून देणारा कारागीर मात्र तळाच्या दोन थरांमध्ये फोमचा कमानीचा उंचवटा आणि चवड्याची गादी घालून वर चामडं ओढू शकतो. तसा जोड करायचा तर इनसोल त्याच्यासमोर ठेवून उंचवट्याची जागा खुणेने दाखवावी लागते. तो पूर्ण इनसोलची जागा घेत नाही. तासा-दोन तासांच्या कार्यक्रमाला ठीक.

जाड बूट बारीक दिसण्याच्या दोन युक्त्या. सोलची कड आणि वरचं चामडं एकाच रंगाचं घ्या. तपकिरी बुटाला पांढरा सोल असला की नजर थेट जाडीवर जाते. आणि पँटची लांबी अर्धा सेंटिमीटर वाढवून घ्या, कारण इनसोलने तुम्हीही तेवढेच वर उचलले जाता आणि जुनी पँट आखूड वाटू लागते. शिंप्याकडे जाताना इनसोल घातलेलाच बूट पायात हवा.

आवडलेला बूट थोडक्यात अडत असेल तर

रविवार कारंजा, शालिमार, नाशिक रोड स्टेशनच्या आसपास बसणारे गटई कामगार यातली बरीच कामं करतात. चिकटवलेला सुकतळा ते गरम हवेने किंवा रापीने टाचेकडून उचलून देतात. तीन-चार मिलिमीटर मिळतात. खाली राहिलेले गोंदाचे गोळे खरवडून घ्या, आणि खिळ्याचं डोकं वर आलंय का ते हाताने चाचपा. फक्त खरेदी पक्की झाल्यावरच हे करायचं. सुकतळा उपटलेला बूट दुकान परत घेत नाही.

चामडं लाकडी फर्म्यावर चढवून एक-दोन दिवस ठेवलं की रुंदीत अर्ध्या नंबराइतकं सैल होतं. लांबी मात्र वाढत नाही, आणि रेक्झिन किंवा पीयू तर अजिबात हलत नाही. फार ताणलं तर टाके फाटतात. अंगठ्याजवळचं हाड बोचत असेल तर तेवढाच एक ठिपका फुगवून घेता येतो. त्यासाठी इनसोल घालून बूट पायात असताना खडूने नेमकी जागा खुणावा. लेसच्या बुटात त्या हाडाच्या वरचं एक भोक मोकळं सोडलं तरी दाब उतरतो. टाच निसटत असेल तर शेवटच्या दोन भोकांत त्याच बाजूने लेसचा छोटा फास करून समोरची लेस त्यातून ओढा; पळणारे लोक हीच गाठ मारतात.

पूर्ण लांबीचा इनसोल पुढे जास्त होत असेल तर मूळ सुकतळा वर ठेवून पेन्सिलने रेघ मारा आणि बोटांकडून एका वेळी २ मिलिमीटर कापा. टाच आणि कमानीच्या कडेला कात्री लावायची नाही. कडक कवच घासायचं असेल तर ते बनवणाऱ्याकडेच.

चालताना कचकच आवाज येतो तो कवच बुटाच्या तळावर घासल्याने. इनसोलच्या खाली चिमूटभर टाल्कम पावडर पुरते. नाहीच थांबला तर पातळ कापडाचा तुकडा. इनसोल पुढे सरकत असेल तर टाचेखाली वेल्क्रोचा रुपयाएवढा तुकडा. मूळ सुकतळा काढायचा आळस करून दोन्ही एकावर एक ठेवणारे बरेच आहेत. तळ मऊ झाला की इनसोल बुडतो, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले ते होतच नाही. पाऊण लांबीचा इनसोल सपाट, पातळ सुकतळ्यावर चालतो, एवढाच अपवाद.

दोन पायांच्या लांबीतल्या फरकासाठी टाच उचलायची असेल तर साधारण १० मिलिमीटरपर्यंतच बुटाच्या आत. त्यावरचं बाहेरून सोललाच लावून घ्यावं लागतं.

ऑनलाइन मागवताना

वर्णनात ‘रिमूव्हेबल इनसोल’ किंवा ‘रिमूव्हेबल सॉकलायनर’ हे शब्द शोधा. ‘कुशन्ड’, ‘मेमरी फोम’ म्हणजे सुटा असं नाही. तक्त्यातले सेंटिमीटर बहुधा पावलाची लांबी सांगतात, बुटाच्या आतली नाही. पार्सल आल्यावर आधी मूळ सुकतळा काढून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा त्यावर ठेवा. जुळला नाही तर बूट पायात घालायचीही गरज नाही, तसाच परत. घालून बघायचा तर स्वच्छ चटईवर, सोलवर धूळ न लागू देता.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवत जा. नवा बूट आणि नवा इनसोल एकाच दिवशी सुरू करणं टाळा. दुखलं तर दोष कुणाचा ते कळत नाही. इनसोलची सवय जुन्या मोकळ्या स्पोर्ट्स शूजमध्ये करावी आणि नवा बूट नंतर. कमानीत किंवा पोटरीत हलका ताण सुरुवातीला जाणवतो. दोन-तीन आठवड्यांनंतरही टोचत राहिलं, गुडघा किंवा कंबर दुखू लागली, तर बूट बदलत बसू नका. इनसोल घासून घ्यायला परत जा.

मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. सुरुवात अर्ध्या तासाने, मग मोजे काढून तळवा, बोटांच्या फटी, टाच बघा. खाली आरसा ठेवला की जमतं. लालसरपणा वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर तो बूट थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बूट घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवायचा. खडा शिरलेला पायाला कळणार नाही. घरात एमसीआरची, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल.

आपल्या हवेत आणि आपल्या सवयींत

बाहेर दोन तास इनसोल आणि घरी चौदा तास अनवाणी थंड फरशीवर, अशाने टाचदुखी जात नाही. उंबऱ्याच्या आतली म्हणून एक वेगळी, बाहेर कधीच न नेलेली, कमानीचा आधार असलेली चप्पल ठेवा. बाहेरच्या धुळीचा प्रश्न मिटतो आणि घरातल्या मोठ्यांचा आक्षेपही.

काळाराम मंदिरात किंवा रामकुंडावर जायचं असेल तर बूट स्टँडवर ठेवताना इनसोल काढून पिशवीत टाका. बुटाचा जोड पुन्हा मिळतो, मापाचा इनसोल बनवायला परत सगळी धावपळ. ज्या दिवशी बूट चार वेळा काढायचे आहेत त्या दिवशी चेन किंवा वेल्क्रोचा जोड घाला. बांधलेल्या लेसमधून पाय ओढून काढला की टाचेमागची भिंत महिन्याभरात मोडते. शिंग, म्हणजे शू हॉर्न, खिशात मावतं.

पावसाळ्यात चामड्याऐवजी रबरी सोलचा, जलरोधक अस्तराचा स्नीकर बरा. भिजलेले इनसोल काढून सावलीत, पंख्याखाली, उभे करून वाळवा. उन्हात, गिझरवर, इस्त्रीखाली नाही. प्लास्टिकचं कवच आणि ईव्हीए दोन्ही उष्णतेने आकार बदलतात. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेला इनसोल कमान हरवून परत येतो. धुवायचे तर ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा, बादलीत भिजत घालू नका.

सातपूर-अंबडला पाळीत सेफ्टी शूज घालणाऱ्यांनी एक बघावं. पोलादी टोपीचा बूट आयएस १५२९८ या भारतीय मानकाप्रमाणे २०० जूलचा आघात झेलतो, पण तो चाचणीत ज्या सुकतळ्यासह पास झाला त्यासह. जाड इनसोलने बोटं टोपीला टेकली तर आघाताच्या वेळी पोलाद बोटांवरच येईल. त्यामुळे पाऊण लांबीचा इनसोल घ्या किंवा जादा खोलीचा सेफ्टी बूट मागवा. अँटिस्टॅटिक बूट असेल तर बाहेरचा इनसोल घालण्याआधी कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला विचारा. मधला थर बदलला की स्थिर वीज जमिनीत जायचा मार्ग तुटू शकतो.

दर दोन-तीन महिन्यांनी बूट पुन्हा काचेवर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूने तीन मिलिमीटर झिजली की गटई कामगाराकडून टाचेचं रबर बदलून घ्या, नाहीतर सरळ इनसोल तिरक्या जमिनीवर उभा राहतो. ईव्हीए अंगठ्याने दाबून सोडा. खळगा तसाच राहिला तर फोम मेला. प्लास्टिकचं कवच बरीच वर्षं टिकतं, वरचं अस्तर त्याआधी झिजतं, आणि नुसतं अस्तर बदलून मिळतं.